शालेय वर्गातील ऑनलाइन प्रश्नावली : एक टीकात्मक परीक्षण

प्रास्ताविक

मार्च २०२० मध्ये देशभरातील शाळा बंद झाल्या आणि चेन्नईपासून चंद्रपूरपर्यंत असंख्य शिक्षक गुगल फॉर्म्सकडे वळले. साधन जुनेच होते. २०१६ मध्ये त्यात आपोआप गुण देणाऱ्या चाचणीची सोयही आली होती. व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवायची, मुलांनी पर्याय निवडायचे, गुण लगेच हजर. शाळा पुन्हा भरल्यावरही अनेक ठिकाणी ही पद्धत टिकली. या पाठात आपण तिचे गुणदोष तपासू. आपला मुख्य मुद्दा असा : प्रश्न विचारण्यासाठी फॉर्म उत्तम आहे, पण त्याने काढून दिलेला निष्कर्ष शिक्षकाने हजेरीपटाशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

१. बलस्थान : चुकीचे उत्तर

चाळीस वह्या तपासायला एक संध्याकाळ जाते. फॉर्म तेच काम क्षणात करतो. परंतु वेळेची बचत हा त्याचा दुय्यम गुण होय. खरा उपयोग चुकीच्या उत्तरांत आहे. '०.५ आणि ०.३५ यांपैकी मोठी संख्या कोणती?' या प्रश्नाला काही मुले ०.३५ निवडतात, कारण ३५ हे ५ पेक्षा मोठे. वर्गातील बारा मुलांनी हा पर्याय निवडला असे रात्रीच कळले, तर दुसऱ्या दिवशी शिक्षक शंभर घरांची चौकट काढून ५० आणि ३५ घरे रंगवून दाखवू शकतो.

मात्र त्यासाठी प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलांची एखादी ओळखीची चूक असायला हवी. जागा भरण्यासाठी टाकलेल्या पर्यायांतून केवळ गुण मिळतात, निदान होत नाही.

२. मर्यादा : आलेख कोणाचा?

समजा, वर्गात ४० मुले आहेत. २६ जणांनी फॉर्म भरला आणि त्यांपैकी २१ जणांचे उत्तर बरोबर आले. पडद्यावरचा वर्तुळालेख सुमारे ८१ टक्के दाखवेल. वर्गाच्या हिशेबाने मात्र उत्तर आल्याचा पुरावा निम्म्याहून किंचित अधिक मुलांचाच आहे. उरलेली १४ मुले आलेखात कुठेच नाहीत, आणि बहुधा शिक्षकाची गरज त्यांनाच अधिक आहे.

ही अडचण किती मोठी असू शकते? 'असर' २०२१ च्या ग्रामीण सर्वेक्षणात शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण अशा घरांतल्या २६.१ टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. गुणाकार केला तर शंभरातील जेमतेम पन्नास मुले उरतात.

तमिळनाडूचे उदाहरण येथे बोलके आहे. चेन्नईतून कारभार पाहणाऱ्या राज्य सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये 'इल्लम तेडी कल्वी' ही योजना सुरू केली. नावाचा अर्थ 'घर शोधत येणारे शिक्षण'. स्वयंसेवक संध्याकाळी वस्तीतच पहिली ते आठवीच्या मुलांना शिकवू लागले. फॉर्म मुलाची वाट पाहतो. येथे शिक्षण मुलाकडे गेले. घरून भरायच्या प्रत्येक फॉर्मला अशा एखाद्या पर्यायाची जोड हवी.

३. यंत्राची तपासणी

लघुत्तरी प्रश्नात फॉर्म शिक्षकाने दिलेल्या उत्तराशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहतो. 'पाणी' ऐवजी 'पाणि' लिहिले, किंवा देवनागरी अंकांऐवजी इंग्रजी अंक वापरले, तर गुण जाऊ शकतो. भारतीय भाषांत शिकवणाऱ्याने सर्व संभाव्य रूपे आधीच नोंदवावीत किंवा अशी उत्तरे स्वतः तपासावीत.

दुसरी गोष्ट अनिवार्य प्रश्नांची. कागदावर मूल जागा कोरी सोडते आणि त्या कोरेपणातूनही काही कळते. अनिवार्य प्रश्नात त्याला अंदाजाने ठोकावे लागते. 'मला अजून कळलेले नाही' असा पर्याय ठेवला, की हे अज्ञान प्रामाणिकपणे नोंदवता येते.

४. मुलांची माहिती

अभिप्रायाच्या फॉर्ममध्येही नाव, फोन क्रमांक, पालकांचा व्यवसाय सर्रास विचारला जातो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती हाताळण्यासाठी सर्वसाधारणपणे पालकांची पडताळता येणारी संमती लागते. शिवाय वरती नाव लिहिलेल्या कागदावर 'शिक्षक समजावून सांगतात का?' या प्रश्नाला मूल खरे उत्तर देईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

निष्कर्ष

फॉर्मचा आलेख पाहण्याआधी हजेरीपट शेजारी ठेवावा. कोणी उत्तर दिले नाही आणि का, हे आधी पाहावे. मग चुकीची उत्तरे. टक्केवारी सर्वांत शेवटी. वर्गात फोन नसतील तर हेच तीन प्रश्न फळ्यावर लिहून चिठ्ठ्यांवर उत्तरे घेता येतात.

विचारासाठी प्रश्न

१. अपूर्णांकांच्या बेरजेवर एक बहुपर्यायी प्रश्न तयार करा. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागील चूक लिहा.
२. ४० पैकी १४ मुलांनी फॉर्म भरला नाही. त्यांना शून्य गुण देणे योग्य का? कारणे द्या.