‘फ्रेय लुईश द सोझा’ : परतलेल्याचें नाटक

राजा निपुत्रिक मेला म्हणजे राज्यावर कोणता प्रसंग गुदरतो, हें इतिहासग्रंथांतून वाचावयास मिळतें. पण त्या प्रसंगाची आंच एखाद्या घरास कशी लागते, हें दाखविणारें नाटक विरळा. आल्मेदा गार्रेत या पोर्तुगीज नाटककाराचें, १८४३ सालीं प्रथम झालेलें, ‘फ्रेय लुईश द सोझा’ हें तसें नाटक आहे.

त्यामागील इतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे. पोर्तुगालचा अविवाहित राजा सेबास्तियांव हा १५७८ च्या ऑगस्टांत, अवघ्या २४ व्या वर्षीं, मोरोक्कोंतील अल्कासर-किबीरच्या रणांत पडला. गादीवर आला त्याचा चुलतआजा कार्डिनल आंरीक. वय ६६, आणि धर्मगुरु म्हणून ब्रह्मचारी! वंशासाठीं या वृद्धाला लग्नाची परवानगी मिळावी म्हणून पोपाकडे खटपट झाली, ती फुकट गेली. १५८० च्या जानेवारींत तोही वारस न नेमतां वारला. हक्क सांगणारे अनेक होते. ब्रागांसाची डचेस कातारीना होती, अनौरस म्हणून हिणविला गेलेला आंतोनियु होता. पण स्पेनच्या दुसऱ्या फिलिपपाशीं हक्काबरोबर फौजही होती. वाद तेथेंच मिटला. पुढें साठ वर्षें पोर्तुगाल, आणि त्याबरोबर गोवाही, स्पेनच्या राजाच्या छत्राखालीं राहिला.

राजा मेलाच नाहीं, तो परत येईल, ही आशा मात्र लोकांनीं सोडली नाहीं. तिच्या जोरावर तोतये निपजले. त्यांतील एक मिठाईवाला १५९५ सालीं फांशीं गेला. पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया मराठी वाचकांस येथें आठवल्यावांचून राहणार नाहीं. केळकरांनीं ‘तोतयाचें बंड’ लिहून त्यास रंगभूमीवर आणलें. गार्रेतनें याच्या उलट वाट धरली. त्याच्या नाटकांत परत येणारा माणूस खरा आहे, आणि अनर्थ होतो तो त्यामुळेंच.

त्याच रणांत नाहींसा झालेला सरदार दों जुआंव याची पत्नी मादालेना हिनें सात वर्षें शोध करून मग मानुएल द सोझाशीं लग्न केलें. त्यांची मुलगी मारिया राजाच्या पुनरागमनाचीं स्वप्नें पाहते. मुलीच्या प्रत्येक उद्गारासरशी आई कां दचकते, हें प्रेक्षकांस कळतें, मुलीस कळत नाहीं. राजा परत येऊं शकतो, तर त्याच्याबरोबर गेलेला पहिला नवरा कां नाहीं? राष्ट्राची आशा तीच या बाईची धास्ती. एवढ्या एका कल्पनेवर गार्रेतनें सारें संविधानक उभारलें आहे. स्पेनच्या पक्षाच्या अधिकाऱ्यांस घरांत उतरूं द्यावयाचें नाहीं म्हणून मानुएल स्वतःचा वाडा पेटवितो, आणि कुटुंबास आसरा घ्यावा लागतो तो दों जुआंवच्याच जुन्या वाड्यांत. देशाभिमानाचें कृत्यच घरास संकटाच्या तोंडीं नेतें, ही योजना आम्हांस फार मार्मिक वाटते.

परंतु नाटकाचें खरें बळ तेल्मु या म्हाताऱ्या सेवकांत आहे. एकवीस वर्षें त्यानें धनी जिवंत असल्याचा हेका धरला, मादालेनेस टोंचून खाल्लें. धनी यात्रेकरूच्या वेषांत समोर उभा राहतो तेव्हां मात्र त्यास उमगतें कीं, आपला जीव आतां मारियेवर जडला आहे, हा आला नसता तर बरें. दों जुआंवही समजूतदार आहे. यात्रेकरू हा कोणी तोतया होता असें जाऊन सांग, अशी आज्ञा तो तेल्मूस करतो. खऱ्यानेंच स्वतःस खोटें ठरविण्याचा हा प्रसंग करुणरसांत क्वचितच आढळेल. पण उशीर झालेला असतो.

शेवट मात्र आम्हांस तितकासा रुचला नाहीं. आईबाप संन्यासदीक्षा घेत असतां क्षयानें पोखरलेली मारिया देवळांत धांवत येते आणि लांब भाषण करून प्राण सोडते. तेल्मूच्या दोन शब्दांनीं जें साधलें होतें, तें येथें आरडाओरड करून पुन्हां मागितलें आहे. नटीनें आवाज आवरला तरच हा प्रवेश निभावेल.