नर्मदाचा ‘दांडियो’ आणि आपले ललित लेखन

सुरतेत दांडिया म्हटले की आपल्या मुलांना नवरात्रातल्या टिपऱ्या आठवतात. कवी नर्मदाचा ‘दांडियो’ वेगळा. रात्री गस्त घालून लोकांना जागे ठेवणारा तो दांडियो. या नावाचे पाक्षिक नर्मद व त्याच्या मित्रांनी १८६४ साली काढले आणि १८६९ पर्यंत चालवले. सुरतेच्या विद्यापीठाला नर्मदाचे नाव आहे, तेथे शिकलेली मराठी मुलेही पुष्कळ. पण ‘दांडियो’ वाचलेला मराठी माणूस मला क्वचितच भेटतो.

लंडनमध्ये ॲडिसन व स्टील यांनी १७११ साली काढलेला ‘स्पेक्टेटर’ हा त्याचा नमुना. राज्यकारभार, व्यापार, कर, रूढी, जे डोळ्यांसमोर येईल त्यावर गप्पांच्या ओघात मत द्यायचे, ही मूळ रीत. आपल्याकडे लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये लिहिलेली शतपत्रे अशीच सर्वसंचारी आहेत. पण त्यांचा सूर न्यायाधीशाचा : आरोप, पुरावा, निकाल. नर्मदाचे वाक्य बोलण्याच्या जवळचे, तुटक, प्रसंगी उर्मट. लोकहितवादी पटतात, नर्मद झोंबतो.

त्याचे दोषही मोठे आहेत. तो घाईने लिहितो, एकाच मुद्द्यावर पुन्हा पुन्हा येतो. पुढे १८८५ च्या ‘धर्मविचार’पर्यंत त्याने आपलीच सुधारकी मते फिरवली. तरीही ‘दांडियो’ शिळा वाटत नाही, याचे कारण मला असे दिसते की ज्या गल्लीवर तो लिहीत होता तिच्यातच त्याला राहायचे होते. १८५८ साली शिक्षकाची नोकरी सोडून तो लेखणीवर जगू पाहत होता. मताची किंमत त्याला रोज मोजावी लागे.

अशा वादांत मराठी माणूस परका नव्हता. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग सुरतेत शिक्षक होते. दुर्गाराम मेहताजींच्या सोबतीने त्यांनी १८४४ साली येथे मानवधर्म सभा उभी केली, आणि जातिभेद, मंत्रतंत्र यांवर उघड चर्चा घडवल्या. शहर गुजराती म्हणून ते गप्प बसले नाहीत.

आता आपल्याकडे पाहू. उधना-लिंबायतमधला आपला माणूस सकाळी गुजराती पेपर वाचतो, गुजरातीत व्यवहार करतो, चहाचे पैसे मोबाइलवरून देतो, घराच्या कागदांवर गुजरातीत सही करतो. लिहायला बसला की मात्र खानदेशातली विहीर, आजीचे जाते आणि भरीत! २०१७ च्या जुलैत जीएसटीविरुद्ध सुरतेचा कापडबाजार बंद होता. लूम थांबले की कोणाच्या घरी काय होते, हे आपल्या कुटुंबांना सांगायला नको. परंतु इकडच्या मराठी लेखकांचे जे ललित लेख मी वाचले, त्यांत त्या दिवसांचा मागमूसही नाही.

आठवणी लिहू नयेत असे मी म्हणत नाही. पण ज्या शहरावर आपण पोट भरतो त्याच्याविषयी आपले काहीच मत नसेल, तर दोन भाषा येऊन उपयोग काय? गुजराती लिपी वाचता येणाऱ्यांनी ‘दांडियो’ मुळातूनच वाचावा. मग आपल्या बाजारावर, भाडेकरारावर, शाळेच्या फीवर चार ओळी मराठीत लिहाव्यात, आणि जमल्यास शेजाऱ्याला गुजरातीत वाचून दाखवाव्यात. तो भांडला तर उत्तमच.