थोरलीची परीक्षा, धाकट्याच्या गळ्यात

शॉमबर्गमध्ये गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभे राहा. अकरावीतल्या मुलांचे आईबाबा तुम्हाला हमखास भेटतील आणि प्रश्नही ठरलेला असेल: "एसएटी की एसीटी?" उत्तरंही ठरलेलीच. "आमच्या थोरलीनं एसएटी दिली, तीच बरी." "विज्ञान चांगलं असेल तर एसीटी."

ही उत्तरं आता शिळी झाली आहेत. 2017 ते 2024 या काळात इलिनॉयच्या शाळांत अकरावीला एसएटी घेतली जायची. 2025 पासून राज्यानं पुन्हा एसीटी आणली. शिवाय दोन्ही परीक्षा बदलल्या आहेत. 2024 पासून एसएटी संगणकावर आली: 98 प्रश्न, 2 तास 14 मिनिटं. पहिला भाग कसा सोडवला यावर दुसरा भाग सोपा की अवघड ते ठरतं. एसीटीही 2025 मध्ये आटोपशीर झाली. तिच्या शनिवारच्या परीक्षेत विज्ञान ऐच्छिक झालं. त्या विभागात तसंही पाठ केलेल्या विज्ञानापेक्षा आलेख आणि तक्ते भराभर वाचणं जास्त लागायचं. म्हणजे थोरलीनं दिलेली परीक्षा कदाचित आज अस्तित्वातच नाही.

मग फरक कुठे उरला? वेगात. एसएटीच्या वाचनात एका लहान उताऱ्यावर एकच प्रश्न असतो आणि त्याला साधारण 71 सेकंद मिळतात. एसीटीच्या इंग्रजीत 50 प्रश्नांना 35 मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे 42 सेकंद. वाचनाचे उतारेही लांब. एसीटीचे प्रश्न बहुधा सरळ असतात, पण घड्याळ मानगुटीवर बसलेलं असतं. एसएटी थोडा श्वास घेऊ देते, पण प्रश्न नीट वाचला नाही तर चकवते.

आपली आणखी एक जुनी सवय इथे नडते. जेईईसारख्या परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. म्हणून आपण मुलांना सांगतो, "येत नसेल तर सोडून दे." एसएटी आणि एसीटी दोन्हींत गुण कापत नाहीत. इथे कोरं सोडलेलं उत्तर म्हणजे हातानं टाकून दिलेली संधी.

तेव्हा शेजाऱ्यांना विचारू नका. दोन मोकळे शनिवार काढा आणि दोन्ही परीक्षांचे नव्या स्वरूपातले सराव पेपर घड्याळ लावून सोडवून घ्या. नंतर फक्त गुण पाहू नका, चुका वाचा. शेवटचे प्रश्न राहून गेले असतील तर एसएटीकडे झुका. वेळ उरला, पण शब्दांच्या वळणात पाय घसरला, तर एसीटीकडे. दोन्हीकडे सारखंच जमलं, तर मुलाला जी कमी कंटाळवाणी वाटेल ती. मग दुसरीचं पुस्तक खरंच मिटून ठेवा.

आणि एक लक्षात असू द्या. इलिनॉयच्या सरकारी विद्यापीठांत प्रवेशासाठी हे गुण पाठवायचे की नाही, हे कायद्यानं विद्यार्थ्याच्या हातात ठेवलं आहे. एवढा विश्वास राज्य सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर ठेवतं. कोणती परीक्षा द्यायची हे ठरवताना त्याला एकदा विचारायला आपली काय हरकत आहे?