न जुळणारे तिसरे वाचन

महाविद्यालयीन अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत आता ‘अध्ययन निष्पत्तीं’चा तक्ता असतोच. अभियांत्रिकीत त्याला २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाल्यावर जोर आला. पुढे तो विज्ञान शाखेतही रुळला. शिकलेले कामाला यावे, हा हेतू योग्यच आहे. पण तक्त्यातील वाक्ये प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहिली जातात का?

रसायनशास्त्राचे उदाहरण घेऊ. ‘विद्यार्थी आम्ल-आम्लारी अनुमापन करू शकेल’, आणि पुढच्या रकान्यात ‘औषध उद्योगात संधी’. सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषते व त्याची संहती बदलते. म्हणून कारखान्यातील प्रयोगशाळेत ते आधी प्रमाणित करून घेतात. आपल्या प्रात्यक्षिकात मात्र संहती लिहिलेली बाटली बहुधा तयारच मिळते.

याहून गंभीर गोष्ट वाचनांची. ब्युरेटची तीन वाचने जुळली की गुण मिळतात. म्हणून तिसरे वाचन पुष्कळदा जर्नलमध्येच ‘जुळते’. कारखान्यात मिळालेले वाचन तसेच शाईने नोंदवायचे असते. चुकल्यास एक रेघ मारून सही व तारीख घालायची. तेथे जुळवलेले वाचन म्हणजे खोटी नोंद, आणि तिच्या आडून सदोष औषध रुग्णापर्यंत पोचू शकते.

अनुमापन आज स्वयंचलित यंत्रही करते. प्रामाणिक नोंद माणसालाच करावी लागते, आणि नेमकी तिच्या उलट सवय आपण गुण देऊन लावतो. तक्त्यात आणखी एक रकाना वाढवून हे सुधारणार नाही. न जुळलेले वाचन संभाव्य कारणासह लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत. याची सुरुवात शाळेतील साध्या लंबकापासूनही करता येईल.