ध्वनिमुद्रिका आणि गायकाची ओळख

ध्वनिमुद्रिकेने अभिजात संगीताची हानी केली, हा आक्षेप जुना आहे. ७८ फेऱ्यांच्या मुद्रिकेच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्या अवधीत ख्यालाचा विस्तार मावणे अशक्य, हा त्याचा आधार होय. आक्षेप खरा असला तरी अपुरा आहे. गाण्याच्या कालमर्यादेबरोबरच गायकाची ओळख ठरविणारी व्यवस्थाही या यंत्राने बदलली, याकडे त्यात दुर्लक्ष होते.

घराण्याच्या व्यवस्थेत ही ओळख गुरुपरंपरेवरून ठरत असे. गायक कोणाचा शागीर्द, कोणत्या तालमीतला, हे प्रथम विचारले जाई. १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहर जान यांच्या गायनाचे मुद्रण झाले, तेव्हा गाण्याच्या अखेरीस त्यांनी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले. मुद्रिका जर्मनीत तयार व्हावयाच्या असल्याने तेथील तंत्रज्ञांस गायिका ओळखता यावी, हा त्याचा हेतू सांगितला जातो. परिणाम मात्र त्यापलीकडचा झाला. गुरूचा वा घराण्याचा निर्देश नसलेले केवळ नाव आवाजासह अपरिचित श्रोत्यांच्या घरी पोहोचले. याउलट अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांची गायकी शिष्यशाखेच्या गळ्यांतूनच शोधावी लागते.

या बदलाचे सामर्थ्य व मर्यादा भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांच्या चरित्रात एकत्र आढळतात. अब्दुल करीमखाँ यांची ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही ठुमरी मुद्रिकेवरून ऐकून त्यांना गाण्याची ओढ लागली आणि १९३३ मध्ये त्यांनी गदगचे घर सोडले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. आपण कोण व्हावे, हे त्या बालकास मुद्रिकेने दाखविले. परंतु त्यासाठी गुरू शोधावा लागला, आणि तो शोध अखेर करीमखाँचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी, कुंदगोळ येथे संपला. मुद्रिका ऐकविते, शिष्याचा ढळलेला स्वर तिला ऐकू येत नाही.

आज मोबाईलवर संपूर्ण मैफली आणि सर्व घराणी एकत्र उपलब्ध आहेत. कालमर्यादेचा आक्षेप त्यामुळे निकालात निघाला. विद्यार्थी कोणाचा, हा प्रश्न मात्र अधिक बिकट झाला. दूरस्थ तालमीत गुरू यंत्राद्वारे शिष्याचे गाणे ऐकूही शकतो; म्हणून सरसकट यंत्रास दोष देणे युक्त नव्हे. प्रत्येक नव्या साधनाबाबत, त्याच्या पलीकडे शिष्याचे गाणे ऐकून ते सुधारणारा कोणी आहे किंवा नाही, हे पाहूनच निर्णय करणे इष्ट होय.