ताटाशी सूर जुळविताना

खाद्यपेयांना साजेसे संगीत सुचविणारे मोबाईल ॲप ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. फ्रान्समधील ‘क्रूग’ या शॅम्पेन बनविणाऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये बाटलीवरील क्रमांक भरला, की त्या मद्याला अनुरूप संगीत पुढे येते. या कल्पनेला शास्त्राचा आधारच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. चावताना होणाऱ्या आवाजातील उंच स्वर कानाशी वाढविले, तर बटाट्याचे तेच काप अधिक कुरकुरीत व ताजे वाटतात, असे ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स व त्यांचे सहकारी झांपिनी यांनी २००४ मध्ये दाखवून दिले. उंच स्वरांशी गोडाचे व खालच्या स्वरांशी कडूचे नाते माणसाचे मन जोडते, असेही पुढील प्रयोगांत आढळले.

मग उणीव कोठे आहे? हे ॲप जेवणाऱ्याला केवळ एक जीभ व दोन कान समजते, येथे आहे.

पुष्टिमार्गीय हवेलींत राजभोगाच्या समयी सारंगाची कीर्तने होतात, ती नैवेद्यातील गोड-तिखट मोजून नव्हे. सारंग हा मध्यान्हीचा राग आहे, म्हणून. आपल्या पंगतीत एकेकाने श्लोक म्हणावा आणि इतरांनी ‘हर हर महादेव’चा गजर करावा, ही रीत. तो श्लोक वरणभाताला शोभतो की जिलबीला, असा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही. त्या निमित्ताने मुलांना चारचौघांत बोलण्याची धिटाई आली आणि शेजारच्या पानावरील परका आपला झाला. मावला ज्या आदिलाबाद जिल्ह्यात आहे, तेथील गोंड समाजात दिवाळीच्या सुमारास दंडारीचे मेळे वाद्यांच्या घोषात गावोगाव नाचत जातात आणि यजमान गाव त्यांना जेवू घालते. तेथेही सूर आणि अन्न यांची गाठ घातली जाते ती आतिथ्याने.

म्हणून असे ॲप रचणाऱ्या आमच्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच, की पदार्थाचे नाव विचारण्यापूर्वी प्रहर कोणता, निमित्त काय आणि पंगतीला कोण आहे, हे विचारावे. कानांत यंत्र घालून जेवणाऱ्याला चव कदाचित अधिक लाभेल; शेजाऱ्याचा आग्रह मात्र त्याला ऐकू येणार नाही. शिवाय चातुर्मासात मौनभोजनाचे व्रत पाळणारी घरे आपल्याकडे आहेत. त्यांच्यासाठी त्या यादीत निःशब्दतेलाही एक स्थान असावे. ज्या ॲपला गप्प राहणे साधेल, त्यालाच ताटाजवळ बसण्याचा अधिकार आहे, असे आम्ही मानतो.