मेटीखेड्याचं श्रेय कुणाला?

‘स्थानिक राजकारणातील महिला’ असा विषय घेतला की आपला सिनॉप्सिस हमखास ७३ व्या घटनादुरुस्तीपासून सुरू होतो. १९९३ मध्ये आरक्षण लागू झालं आणि बाया पंचायतीत आल्या, झालं! बिशाखा दत्ता संपादित ‘अँड हू विल मेक द चपातीज?’ (१९९८) हे इंग्रजी पुस्तक ही मांडणी खोडून काढतं. महाराष्ट्रातल्या संपूर्ण महिला ग्रामपंचायतींचा हा अभ्यास आहे. त्यात पुणे जिल्ह्यातलं निंबूत १९६० च्या दशकातलं, तर आपल्या यवतमाळचं मेटीखेडा १९८९ चं. राज्यात ३० टक्के आरक्षण आलं १९९० मध्ये. म्हणजे या बाया त्याआधीच निवडून आल्या होत्या.

पुस्तकाचं मोठेपण त्याच्या नावातच आहे. बाई सभेला गेली तर पोळ्या कोण लाटणार, हा घरातला प्रश्न इथे राज्यशास्त्राचा होतो.

पण एक उणीव राहते. निवड फक्त संपूर्ण महिला पंचायतींची आहे. मेटीखेडा आणि जळगावचं विटनेर इथली पॅनेलं शेतकरी संघटनेच्या चळवळीतून उभी राहिली. १९८६ च्या चांदवड महिला अधिवेशनाची पार्श्वभूमी त्यांना होती. मग तिथे जे काम झालं ते बायांचं बहुमत होतं म्हणून, की पाठीशी संघटना होती म्हणून? तुलनेला दुसरं गाव घेतल्याशिवाय हे सांगता येत नाही.

ही अडचण आपल्यापुरती नाही. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या जॅक्सन गावात १९२० मध्ये महापौर ग्रेस मिलर यांच्यासह पाचही जागांवर बाया निवडून आल्या. त्यांनी थकलेले कर वसूल केले. तरी ही गोष्ट आजही ‘बायकांचं राज्य’ अशा नवलाईनेच सांगितली जाते. नवलाई म्हणजे कारण नव्हे.

म्हणून सांगतो, दारव्हा तालुक्यातलं एखादं असं गाव घ्या, जिथे त्याच वर्षांत पुरुषांच्या पंचायतीत एक-दोनच बाया होत्या. तिथलं जुनं प्रोसिडिंग बुक मिळतं का बघा. ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणाचं, सही की अंगठा, एवढं जरी टिपलं तरी मेटीखेड्याशी तुलना सुरू होते. त्या वेळच्या सदस्य बाया आता म्हाताऱ्या झाल्यात. गाईड मिळायची वाट बघू नका, आधी त्यांना भेटून या.